कोलायटिसवरच्या औषधचाचण्या: वाचताना आणि भाग घेताना या चुका टाळा

अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा होण्याचा आजार, असलेल्या माणसाला एक मेसेज हमखास येतो: 'हळदीने आतड्याची सूज जाते, संशोधनाने सिद्ध!' संशोधन खरंच झालंय. घोळ होतो तो वाचण्यात.

२०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत ५० रुग्ण होते. कर्क्युमिन, म्हणजे हळदीतला पिवळा घटक, घेणाऱ्या २६ पैकी १४ जणांचा आजार महिन्याभरात शमला. प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली तशीच दिसणारी कॅप्सूल घेणाऱ्या २४ पैकी एकाचाही नाही. पण मात्रा होती रोज ३ ग्रॅम कर्क्युमिन. हळदीत ते साधारण ३ टक्के असतं. करा हिशेब: रोज १०० ग्रॅम हळद! चिमूटभर घातलेल्या दुधाचं हे काम नव्हे. दिल्लीच्या एम्समध्ये रोज ४५० मिलिग्रॅम कर्क्युमिन देऊन पाहिलं, तेव्हा प्लासिबोपेक्षा फारसा फरक पडला नाही.

आणखी एक गोष्ट मेसेजमध्ये कधीच नसते. २०१५च्या चाचणीत दोन्ही गटांची मेसालामाइन (या आजाराचं नेहमीचं औषध) चालूच होती. ती बंद करून कॅप्सूल सुरू करणं ही सगळ्यांत महागात पडणारी चूक.

दुसरी खोड म्हणजे एकच आकडा उचलणं. इन्फ्लिक्सिमॅब या शिरेतून देतात त्या औषधाच्या २००५च्या एका मोठ्या चाचणीत, कमी मात्रेच्या गटात आठव्या आठवड्यात ६९ टक्के रुग्णांना उतार पडला. छान! पण प्लासिबोवाल्यांतही ३७ टक्क्यांना पडला होता, कारण हा आजार आपला आपणही चढतो-उतरतो. शिवाय उतार पडणं, म्हणजे त्रास कमी होणं, वेगळं आणि आजार शमणं, म्हणजे त्रास जवळपास थांबणं, वेगळं. शमलेले होते सुमारे ३९ टक्के, प्लासिबोत १५.

स्वतः चाचणीत जाणार असाल तर आधी सीटीआरआय या सरकारी नोंदणीत तिचा क्रमांक शोधा. २००९पासून ही नोंदणी सक्तीची आहे. संमतीपत्र मराठीतून मागा, घरी नेऊन वाचा.

चाचणीत रोज भरायच्या डायरीचं मात्र मनावर घ्या. शौचाला किती वेळा गेलात, रक्त पडलं का, यावरच आजाराची तीव्रता मोजायचे निम्मे गुण ठरतात. तपासणीच्या आदल्या रात्री आठवडाभराचं आठवून लिहिलं, तर ती डायरी नसते, अंदाज असतो. डोकं दुखलं म्हणून घेतलेली आयबुप्रोफेन आणि वैद्यांचा काढाही त्यात लिहा, कोणी रागावत नाही. मधूनच बाहेर पडायचा हक्क तुम्हाला आहेच, पण फोन न करता गायब होऊ नका. कारण सोबत स्टेरॉइड चालू असेल तर ते एकदम बंद न करता हळूहळूच उतरवावं लागतं.