मराठी मजकुराचे शब्द सुटे करताना

एम.ए. मराठी झाल्यावर मी पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकले आणि पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत शुद्धलेखन तपासणीच्या प्रकल्पावर रुजू झाले. पहिल्याच आठवड्यात मिळालेलं काम ऐकायला सोपं होतं: मजकुरातले शब्द सुटे करायचे आणि कोणता शब्द किती वेळा आलाय ते मोजायचं. क्लासमध्ये इंग्रजी वाक्यांवर हे अनेकदा करून झालं होतं. तोच प्रोग्रॅम मराठी फाइलवर चालवला, तर यादीत सगळ्यात वर ‘त’, ‘क’, ‘ह’, ‘ल’ आले. त्यांच्याखाली ‘आण’ आणि ‘आह’.

‘आण’ म्हणजे ‘आणि’ आणि ‘आह’ म्हणजे ‘आहे’, हे कळायला वेळ लागला नाही. पण का, ते कळेना. दिवसभर मी फाइलच खराब आहे असं समजून ती पुन्हा पुन्हा उघडत होते. संध्याकाळी आमच्या टीममधल्या ताई शेजारी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, “शब्द नको प्रिंट करूस. शब्दातलं एकेक चिन्ह वेगळं प्रिंट कर, आणि त्याचा वर्गही.”

मी ‘मराठी’ हा शब्द घेतला. आपल्याला तो तीन अक्षरांचा दिसतो. संगणकाने पाच ओळी छापल्या: म, र, काना, ठ, दुसरी वेलांटी. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी सगळ्या लिपींतली चिन्हं ठरवून दिलेल्या यादीत, म, र आणि ठ ही ‘अक्षरं’ आहेत; काना आणि वेलांटी या अक्षराला लागणाऱ्या ‘खुणा’ आहेत, त्यांचा वर्ग वेगळा. मी शब्द शोधायला रेग्युलर एक्स्प्रेशनमधलं, म्हणजे मजकुरात नमुना शोधायच्या सांकेतिक लिखाणातलं, बॅकस्लॅश-डब्ल्यू (\w) वापरलं होतं. पायथनच्या ‘आरई’ (re) या नेहमीच्या मॉड्यूलमध्ये, म्हणजे तयार कोडच्या संचात, त्याचा अर्थ अक्षर, अंक किंवा अंडरस्कोर एवढाच आहे. काना आला की त्याच्या लेखी शब्द संपला. म्हणून ‘मराठी’चे ‘मर’ आणि ‘ठ’ असे दोन तुकडे झाले, वेलांटी गळूनच गेली. जावा आणि जावास्क्रिप्ट या भाषांमध्ये तर हेच बॅकस्लॅश-डब्ल्यू मुळात फक्त रोमन अक्षरं, अंक आणि अंडरस्कोर ओळखतं, तिथे मराठीचं काहीच हाती लागत नाही.

तुम्ही आत्ता शिकायला सुरुवात करत असाल, तर माझं पहिलं सांगणं हे की सराव मराठी वाक्यांवर करा. इंग्रजी वाक्यावर चूक लपून राहते.

पायथनमध्ये सर्वात साधा आणि बहुतेक वेळा पुरेसा मार्ग म्हणजे स्प्लिट ही मजकूर तोडणारी तयार सूचना, तीही कंसात काही न देता. कंस रिकामा ठेवला की स्पेस, टॅब, नवी ओळ सगळ्यांवर तोडलं जातं, ओळीने आलेल्या चार स्पेस एकच धरल्या जातात आणि रिकामे तुकडे येत नाहीत. कंसात एक स्पेस लिहिलीत की वागणं बदलतं: दोन स्पेस लागोपाठ आल्या की मध्ये एक रिकामा ‘शब्द’ तयार होतो. वेबपेजवरून उचललेल्या मजकुरात न तुटणारी स्पेस असते, ती डोळ्यांना नेहमीसारखीच दिसते. रिकाम्या कंसाचं स्प्लिट तिला ओळखतं, कंसात स्पेस दिलेलं ओळखत नाही. फ्रेशरच्या मुलाखतीत ‘वाक्यातले शब्द मोज’ असं सांगितलं, तर हा फरक उदाहरणासह सांगा. नुसता कोड लिहिण्यापेक्षा त्याने जास्त कळतं.

स्प्लिटनंतर शब्दाला चिकटलेली विरामचिन्हं काढायची. पायथनच्या तयार यादीत ३२ चिन्हं आहेत, पण त्यात दंड नाही, दुहेरी दंड नाही, वळणदार अवतरणचिन्हंही नाहीत. ती स्वतः वाढवावी लागतात. तयार यादीतलं एक चिन्ह मात्र सरसकट काढून चालत नाही, ते म्हणजे अपूर्णविराम (:).

आपल्यापैकी कितीतरी जण विसर्गाच्या जागी कीबोर्डवरचा अपूर्णविराम टाइप करतात. ‘दु:ख’, ‘स्वत:’, ‘अंत:करण’, ‘विशेषत:’. छापील पानावर फरक जाणवतही नाही. पण विसर्ग ही देवनागरीतली खूण आहे आणि अपूर्णविराम हे विरामचिन्ह. मी तो सगळीकडे काढून तिथे स्पेस टाकली आणि दुःखाचे ‘दु’ आणि ‘ख’ झाले. आता मी आधी हे करते: दोन्ही बाजूंना देवनागरी अक्षर किंवा खूण असेल तर अपूर्णविरामाचा विसर्ग करायचा, अंक असतील तर हात लावायचा नाही. शब्दाच्या शेवटी असेल तर नियम चालत नाही, कारण ‘स्वत:’मध्ये तो विसर्ग आहे आणि ‘टीप:’मध्ये खराच अपूर्णविराम. त्यासाठी स्वतः, अंततः, मुख्यतः, सामान्यतः अशा शब्दांची छोटी यादी केली. ही यादी करताना मला माझं मराठीचं शिक्षण पहिल्यांदा थेट उपयोगी पडलं, आणि त्या दिवशी या कामात माझी जागा आहे असं वाटलं.

यापेक्षा अवघड गोष्ट डोळ्यांना न दिसणाऱ्या खुणांची. मजकूर ‘स्वच्छ’ करताना अदृश्य खुणा सरसकट पुसून टाका, असा सल्ला सर्रास मिळतो. मराठीत तो धोक्याचा आहे. ‘आचाऱ्यांना’मधला चंद्रकोरीसारखा अर्धा र दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एकात खाली टिंब असलेला र आणि हलंत असतो. दुसऱ्यात साधा र, हलंत आणि झिरो विड्थ जॉइनर नावाची अदृश्य खूण. ही खूण पुसली की ‘आचाऱ्यांना’चं ‘आचार्यांना’ होतं, स्वयंपाक करणाऱ्यांचे गुरुजी होतात. ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो. नंतर कुठल्याही तपासणीत ही चूक सापडत नाही, कारण उरलेला शब्दही शुद्धच असतो. शिवाय एकच अक्षर वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहिलेलं असलं तर ते एकसारखं करणारं पायथनचं युनिकोड नॉर्मलायझेशन या दोन तऱ्हा एक करत नाही. म्हणून आधी दुसऱ्या तऱ्हेचं पहिल्या तऱ्हेत रूपांतर करायचं आणि मगच बाकीच्या अदृश्य खुणांकडे वळायचं.

मोजणी नीट झाली तरी यादी लांबलचक दिसेल. घाबरू नका. हिंदीत ‘घर के सामने’ हे तीन शब्द आहेत, मराठीत ‘घरासमोर’ एकच. घर, घरात, घराला, घरासमोरच्या हे सगळे यादीत वेगवेगळे येणार आणि सुटे करण्याच्या टप्प्यावर ते तसेच राहू द्या. मी घाईने शेवटचा ‘ला’ छाटायचा नियम लिहिला होता. ‘मसाला’चा ‘मसा’ झाला, ‘गेला’चा ‘गे’, आणि ‘पावसाला’मधून ‘पाऊस’ न मिळता ‘पावसा’ मिळालं. प्रत्यय वेगळे करणं हे स्वतंत्र काम आहे, त्याला शब्दकोश आणि सामान्यरूपाचे नियम लागतात.

जोडशब्दांचं काय करायचं, ते तुम्हालाच ठरवावं लागेल. ‘आई-वडील’ एक की दोन? आम्ही एक धरला आणि तसं फाइलच्या पहिल्या ओळीत लिहून ठेवलं. दोन धरला असता तरी चाललं असतं, पण अर्ध्या मजकुरात एक आणि अर्ध्यात दोन असं झालं की सगळे आकडे वाया जातात.

रेग्युलर एक्स्प्रेशनच हवं असेल तर पायथनसाठी ‘रेजेक्स’ हे वेगळं मॉड्यूल मिळतं. त्यात अक्षरांचा वर्ग आणि खुणांचा वर्ग दोन्ही मागता येतात, त्यामुळे काना-मात्रा शब्दाबरोबरच राहतात. मी आता दोन्ही पद्धती चालवते आणि जिथे उत्तर वेगळं येतं तेवढेच शब्द डोळ्यांखालून घालते.

तपासणीसाठी माझ्याकडे एक छोटी फाइल आहे, प्रोग्रॅममध्ये काहीही बदललं की आधी ती चालवते. तिच्यातलं एक वाक्य तुम्हीही घ्या: ‘दु:ख बाजूला ठेवून ती स्वत: दुसऱ्या दिवशी १०:३० वाजता आई-वडिलांकडे गेली.’ माझ्या पहिल्या आठवड्यातल्या प्रोग्रॅममध्ये याचे २६ तुकडे होतात. यायला हवेत ११.