पावसात भिजलेला जखमी: ॲम्ब्युलन्सवर नव्याने येणाऱ्यांसाठी

एबीसीडीई, म्हणजे जखमीला तपासायचा क्रम (श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण, शुद्ध आणि शेवटी कपडे काढून पूर्ण अंग बघणं), तुम्हाला पाठ आहे, हे धरूनच चालते. अडचण शेवटच्या ई ला येते. कपडे कापायचे, जखमा बघायच्या आणि निघायचं, एवढंच आपण करतो. उघडं केलेलं शरीर पुन्हा झाकून ऊबदार ठेवणं हाही त्याच पायरीचा भाग आहे, पण मुंबईत ते कुणाच्या डोक्यात येत नाही. इथे थंडी आहेच कुठे, असं मलाही शिकताना वाटायचं.

जुलैतली रात्र घ्या. पूर्व द्रुतगती मार्गावर बाईक घसरलीय, पोराची मांडी मोडलीय आणि तो बराच वेळ पावसात पडून आहे. आपण त्याला ओल्या कपड्यांसकट स्ट्रेचरवर घेतो. आपल्याला घाम फुटलेला असतो, म्हणून गाडीचा एसी फुल. वरून गार सलाईन. रक्त गेलेल्या शरीराला स्वतःची ऊब टिकवता येत नाही. ते गार पडलं की रक्त गोठणं मंदावतं, म्हणून आणखी रक्त जातं. पेशींना ऑक्सिजन कमी पडून रक्तातलं आम्ल वाढतं आणि त्याने गोठणं अजून बिघडतं. हे चक्र एकदा सुरू झालं की ऑपरेशन थिएटरमध्येही थांबवणं अवघड जातं. एरवी ३५ अंशांखाली हायपोथर्मिया म्हणतात, पण जखमी माणूस ३६ च्या खाली घसरला तरी सावध व्हा. त्यात बोटं गार पडली की पल्स ऑक्सिमीटर भलतेच आकडे दाखवतो आणि आपण पेशंट सोडून मशीनशी झटत बसतो.

म्हणून एसी बंद करा. ओले कपडे काढा, अंग पुसा, कोरडं ब्लँकेट खालीही घाला आणि वरही. तपासायचा तेवढाच भाग उघडा, बघून झालं की लगेच झाका. ब्लँकेट कोरडं आहे का, हे शिफ्ट सुरू होतानाच बघा. मात्र हे सगळं वाहतं रक्त दाबून धरल्यानंतर. टूर्निके, म्हणजे रक्त थांबवायला हातापायावर आवळायचा पट्टा, बांधलात तर वेळ लिहा.

मनगटाची नाडी लागली म्हणजे बीपी ८० च्या वर, हा शॉर्टकट अजूनही शिकवला जातो. मला तो अजिबात पटत नाही. नाडी लागत असतानाही बीपी त्याखाली असू शकतं. तरण्या पोराचं बीपी तर जवळजवळ तीस टक्के रक्त जाईपर्यंत तग धरतं. त्याआधीच नाडी धावायला लागते, कातडी गार आणि चिकट होते, माणूस अस्वस्थ होतो. "मला सोडा, घरी जायचंय" म्हणत हातपाय झाडणारा पेशंट दारू प्यायलाय असं ठरवून मोकळे होऊ नका. हे मी हात जोडून सांगते.

उष्माघातात सगळं उलटं. एप्रिल २०२३ मध्ये खारघरच्या उघड्या मैदानावरच्या कार्यक्रमात माणसं दगावली, ते आठवत असेल. अंग तापलेलं आणि माणूस बरळतोय, तर घाम येतोय की नाही हे बघत बसू नका. जागेवरच गार करायला सुरुवात करा. आपल्या दमट हवेत घाम नीट सुकत नाही, म्हणून नुसता पंखा पुरत नाही. भरपूर गार पाणी ओता, बर्फाच्या पाण्यात भिजवलेल्या चादरी अंगभर घाला आणि त्या बदलत राहा. पॅरासिटामॉलचा इथे उपयोग नाही.

बुडालेल्याचं पोट दाबू नका, आधी श्वास द्या. रेल्वेच्या ओव्हरहेड वायरमध्ये २५,००० व्होल्ट असतात. वीज बंद झाल्याचं रेल्वेकडून पक्कं कळेपर्यंत कुणाच्याही आग्रहाने पुढे जायचं नाही.

सुरुवातीला हात थरथरतील. थरथरू द्या, काम होतं. सिनिअर मात्र पारखून निवडा. मोठ्या केसचे किस्से सांगणाऱ्यापेक्षा प्रत्येक कॉलनंतर न सांगता बॅग भरून ठेवणाऱ्याच्या मागे राहा. पायलटशी, म्हणजे ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरशीही बोला. कोणत्या पावसात कुठला सबवे तुंबतो, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं.

आणि कॅज्युअल्टीत हँडओव्हर देताना नाडी, बीपीबरोबर पेशंट किती वेळ भिजत पडला होता, तेही सांगा. तिथे तो झाकलेला आणि कोरडा पोचतो, त्यामुळे हे कुणी आपणहून विचारणार नाही.