आपली गोष्ट दुसऱ्याला सांगायची कशी, मला जमलं तसं

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे आमच्या घरात इतकं मुरलेलं की माझं दारूचं सगळ्या वाड्याला माहीत असूनही घरात कोणी त्यावर चकार शब्द काढत नव्हतं. मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातला. २०१० ला कर्ज काढून खाणीवर चालवायला टिप्पर ट्रक घेतला, २०१२ च्या सप्टेंबरात खाणी बंद पडल्या, ट्रक दारात उभा आणि हप्ते मात्र चालूच. आधी संध्याकाळची प्यायचो ती सकाळपासून सुरू झाली. सोडली २०१६ ला. सोडता आली कारण एका माणसाने समोर बसून मला त्याची स्वतःची गोष्ट सांगितली, उपदेश केला असता तर मी उठून गेलो असतो, उपदेश करणारे घरात कमी नव्हते.

तेव्हापासून मीही सांगतो. तुमची गोष्ट दारूचीच असायला पाहिजे असं नाही, कर्ज असेल, आजार असेल, मोडलेलं लग्न असेल, सांगायची रीत साधारण तीच.

पहिलं म्हणजे कोणाला सांगताय ते ठरवा. एकच माणूस धरा. जो आज तिथे अडकलाय जिथे तुम्ही कधी होतात, त्याला सांगा. १९३५ साली अमेरिकेत ॲक्रन गावात बिल विल्सन नावाचा माणूस हॉटेलात एकटा पडलेला, धंद्याचं काम फिसकटलेलं, समोर बार, दारू सोडून जेमतेम पाच महिने झालेले. त्याला कळलं की आता दुसऱ्या दारुड्याशी बोललो नाही तर मी पुन्हा पिणार, म्हणून त्याने फोन करत करत एक डॉक्टर शोधून काढला, डॉक्टर बॉब, तोही असाच पिणारा. डॉक्टर म्हणाला पंधरा मिनिटं देतो, आणि दोघं तासन्‌तास बोलत बसले. त्यातून पुढे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना धरून राहायची संघटना, उभं राहिलं. मला यातलं सगळ्यात मोठं वाटतं ते हे की बिल तिथे त्या डॉक्टरला वाचवायला गेला नव्हता, त्याला स्वतःला वाचायचं होतं. सांगणाऱ्याचाही जीव त्यात अडकलेला असतो, हे ऐकणाऱ्याला लगेच कळतं आणि मगच तो विश्वास टाकतो.

दुसरं, पूर्ण आयुष्य सांगू नका. जन्मापासून सुरू केलं की समोरचा घड्याळ बघतो. एक प्रसंग घ्या, डोळ्यासमोर दिसेल असा. माझा प्रसंग २०१५ च्या चवथीचा. आमच्याकडे माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर फळं टांगलेली लाकडी चौकट, बांधायचं काम माझं, बाबांनंतर ते माझ्याकडे आलेलं. आदल्या दिवशी स्टुलावर चढलो, हातात निरफळांचा घोस आणि केवणीचा दोर, म्हणजे रानातल्या केवणीच्या सालीचा, आणि गाठच बसेना. हात थरथरत होते, दोनदा बांधलं, दोनदा घोस खाली पडला. माझी मुलगी तेव्हा सात वर्षांची, ती काही बोलली नाही, खाली विखुरलेली फळं वेचून बाजूला ठेवली आणि माझ्याकडे न बघता स्टुलाचा पाय घट्ट धरला. बस, एवढंच सांगतो मी. किती क्वार्टर प्यायचो, किती पैसे गेले, ते कोणी विचारलं तर सांगतो.

तिसरं, 'तू' हा शब्द बाजूला ठेवा. 'मी हे केलं, मला असं झालं, मग हे करून बघितलं' एवढंच. तू असं कर, तुला असं करायला पाहिजे, हे तोंडातून निघालं की गोष्ट संपली आणि भाषण सुरू झालं. आणि फसलेलं सांगायला विसरू नका. मी पहिल्यांदा सोडली ती ११ दिवसच टिकली, हेही मी सांगतो, कारण ऐकणारा बहुतेक एकदा तरी सोडून पुन्हा पडलेला असतो आणि त्याला वाटत असतं की असं फक्त आपलंच झालं.

भाषेचं म्हणाल तर मी हे मराठीत लिहितोय, वाचन-लेखन सगळं मराठीत झालं, पण ज्याला गोष्ट सांगतो त्याच्याशी मी कोंकणीतच बोलतो, घरात बोलतो तशी. ज्या भाषेत आईला हाक मारता त्या भाषेत सांगा, पुस्तकी शब्द आले की माणूस लांब जातो.

आता एक गोष्ट जी मी उशिरा शिकलो. तुमच्या गोष्टीत बायको असते, मुलं असतात, भाऊ असतो, आणि त्यांचं सगळं सांगायचा तुम्हाला हक्क नाही. गोवा केवढासा, डिचोलीत बोललं की संध्याकाळपर्यंत फोंड्यात पोचतं. मी मुलीचा प्रसंग सांगायच्या आधी तिला विचारलं, ती मोठी झाल्यावर, आणि तिने 'सांग' म्हटल्यावरच सांगायला लागलो. बायकोच्या दोन गोष्टी ती नको म्हणाली, त्या मी आजपर्यंत कुठे काढल्या नाहीत. आणि समोरच्याने तुम्हाला जे सांगितलं ते तर बाहेर काढायचंच नाही, घरीसुद्धा नाही.

जखम फार ताजी असेल तर आधी कागदावर उतरवा. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांचा १९८६ साली छापलेला प्रयोग आहे, कॉलेजच्या मुलांना चार दिवस रोज १५ मिनिटं आपल्या सगळ्यात वाईट अनुभवावर लिहायला लावलं. लिहिल्या लिहिल्या त्यांना जास्तच वाईट वाटलं, पण ज्यांनी काय घडलं आणि त्याचं काय वाटलं हे दोन्ही लिहिलं त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या पुढच्या सहा महिन्यांत कमी झाल्या. मीही वहीत लिहिलं होतं. वाचताना कंठ दाटला तर थांबायचं, अजून वेळ आहे असं समजायचं.

सांगून झालं की गप्प बसा. हे सगळ्यात अवघड. समोरचा दोन मिनिटं बोलणार नाही, चहाच्या कपाकडे बघेल, आपल्याला वाटतं काहीतरी बोलून भरून काढावं, तर नको. कधी कधी तो काहीच न बोलता उठून जातो, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

एकाचं तसंच झालं. आमच्यातलाच ट्रकवाला, सोप्यावर बसून त्याने सगळं ऐकलं, 'बरें मरे', म्हणजे बरं तर, म्हणाला आणि गेला. दोन महिने काही नाही. मग एका रात्री अकराला फोन, नमस्कार नाही काही नाही, सरळ विचारतो, 'तो केवणीचा दोर म्हणालेलास ना तू, तो हात थरथरायचा कधी थांबला?' मी त्याला पहिली गोष्ट ही सांगितली की एकट्याने एकदम बंद करू नकोस, बरीच वर्षं रोज पिणाऱ्याने अचानक सोडली तर फिट येऊ शकते, जीवावर बेतू शकतं, डॉक्टर लागतो. रात्री घाबरला तर १४४१६ वर टेलिमानसला, सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला, फोन कर, सकाळी बांबोळीच्या मनोरुग्ण इस्पितळात मी तुझ्यासोबत येतो. तो म्हणाला किती वाजता. मी म्हटलं सातला तुझ्या दारात उभा असेन, आणि साडेसहालाच गेलो, तर तो शर्ट घालून पायरीवर बसलेला होता.