रॅम्प सर्वांत शेवटी आखू नका: दिव्यांग आणि ज्येष्ठांसाठी घर बांधताना या चुका टाळा

पुनर्विकासाला निघालेल्या सोसायटीचा नकाशा हाती आला की मी सर्वप्रथम जोत्याची उंची पाहतो. जोते 60 सेंटिमीटर आणि रॅम्पला 3 मीटर जागा असेल, तर तो नकाशा मी परत पाठवतो. 1:12 या उताराने, म्हणजे 12 सेंटिमीटर लांबीत 1 सेंटिमीटर चढ धरून, 60 सेंटिमीटर चढायला 7.2 मीटर लांबी लागते, शिवाय वर आणि खाली व्हीलचेअर वळेल इतकी दीड मीटरची सपाट जागा लागते, आणि पार्किंगची आखणी झाल्यावर ती कुठूनही काढता येत नाही. 3 मीटरांत कोंबलेला रॅम्प 1:5 चा होतो. स्वतःच्या हातांनी चाके फिरवणारा माणूस तो चढू शकत नाही. "मागून कोणीतरी ढकलेल," असे घाईतले नवे आर्किटेक्ट सांगतात. स्वतःच्या घरात शिरायला ज्याला दुसऱ्याची वाट पाहावी लागते, त्याचा विचार त्या नकाशात झालेलाच नसतो. म्हणून मी आधी रॅम्प आखतो आणि उरलेल्या जागेत गाड्या बसवतो.

दुसरी चूक मी स्वतः केली आहे. जागा वाचावी म्हणून एका इमारतीत बाथरूमची दारे आत उघडणारी ठेवली होती. तिथले एक आजोबा घसरून दाराला टेकूनच पडले. बाहेरून ढकलावे तर दार त्यांच्याच अंगावर रेटले जाई, आणि बिजागऱ्या आतल्या बाजूला होत्या. अखेर सुताराने दार कापले, तोपर्यंत पाऊण तास गेला होता. खुब्याचे हाड मोडलेल्या अवस्थेत ते तेवढा वेळ लादीवर होते. तेव्हापासून माझ्या कामात बाथरूमचे दार बाहेर उघडते, कडी बाहेरूनही काढता येते आणि दार पूर्ण उघडल्यावर 900 मिलिमीटर मोकळी वाट उरते; चौकटीचे माप मी हिशेबात धरत नाही.

आधाराच्या दांड्या लावण्याचे काम घराचा ताबा देईपर्यंत पुढे ढकलू नये, कारण एएसी ब्लॉकच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या, भिंतीत साध्या स्क्रूने बसवलेली दांडी माणसाचा भार पडताच उखडते. तेवढ्या भागात मी काँक्रीट भरून घेतो. बाथरूममध्ये गुळगुळीत लादी नको. दोन मजल्यांच्या मधल्या चौथऱ्यावर थांबणारी लिफ्ट नको, कारण उरलेला अर्धा जिना व्हीलचेअरला चढता येत नाही. लिफ्टमध्ये ब्रेलची बटणे असावीत आणि मजल्याचा क्रमांक मोठ्याने सांगितला जावा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे 21 प्रकार आहेत आणि त्यांतील अनेकांचा व्हीलचेअरशी संबंध नसतो.