गोळीतलं सी जीवनसत्त्व मोजायचं तर कोणती पद्धत धरावी?

शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या लॅबमध्ये नवीन मुलगी आली की पहिल्यांदा मी तिला आयोडीनचं टायट्रेशन शिकवते, म्हणजे माहितीच्या ताकदीचं आयोडीन किती मिली लागतं त्यावरून सी मोजायचं. नुसत्या सी जीवनसत्त्वाची 500 मिलिग्रॅमची गोळी असेल तर तेवढं पुरतं. वीस गोळ्या वजन करून खलात बारीक करा. 150 मिलिग्रॅम सी भरेल एवढी पूड उकळून गार केलेल्या पाण्यात, सौम्य सल्फ्युरिक आम्ल घालून विरघळवा. पाणी उकळतो ते त्यातला ऑक्सिजन घालवायला. मग स्टार्च टाकून ब्युरेटमधून 0.05 मोलर आयोडीन सोडा. थेंब पडेल तिथं निळा ठिपका उमटतो, फ्लास्क फिरवला की विरतो. विरायचा थांबला की रीडिंग घ्या. 1 मिलीला 8.806 मिलिग्रॅम सी, म्हणजे 17 मिलीच्या आसपास यायला हवं. पूड विरघळल्यावर मात्र मध्येच उठू नका, सी हवेनं उतरत जातं.

आवळ्याच्या गोळीला ही पद्धत मी लावू देत नाही. एकदा अशाच नमुन्याचं रीडिंग लेबलपेक्षा वर आलं आणि मी सही केली. तोच नमुना एचपीएलसीवर, म्हणजे घटक वेगवेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, लेबलच्या बराच खाली निघाला. आवळ्यातली टॅनिनंही, म्हणजे त्यातली तुरट द्रव्यंही, आयोडीन खातात. त्यात वरून ठरावीक वजनाचं सी घालून रिकव्हरी, म्हणजे घातलेल्यातलं किती परत मोजलं गेलं ते, काढली तरी ती चांगलीच येते, कारण टॅनिनाचा वाटा दोन्ही रीडिंगमध्ये सारखाच असतो. त्या रिकव्हरीवर मी विसंबले होते. ते अजून सलतं.

डीसीपीआयपी या निळ्या रंगाची पद्धत फळांच्या रसाला बरी, सी त्याचा रंग घालवतं. मेटाफॉस्फरिक आम्लात अर्क काढायचा, त्यात रंग सोडत जायचं, गुलाबी छटा 5 सेकंद टिकली की थांबायचं. रंगाचं द्रावण रोज शुद्ध सीवर तपासून घ्या. लोह असलेल्या मल्टिव्हिटॅमिनला ती नको, फेरस लोह रंग खातं. लाल-नारिंगी गोळीत तर गुलाबी दिसतच नाही.

अशा मिश्र मालाला एचपीएलसीच. आम्लधर्मी द्रावणात 245 नॅनोमीटरला सीचा पीक, म्हणजे आलेखावरचा उंचवटा, वेगळा मिळतो. ऑक्सिडेशन होऊन डीहायड्रो झालेलं सी टायट्रेशनला दिसत नाही, इथंही थेट नीट दिसत नाही. म्हणून अर्धा नमुना टीसीईपी या क्षपणकानं (ऑक्सिडेशन उलटवणाऱ्या रसायनानं) परत सीमध्ये आणून दुसरं इंजेक्शन द्या, फरक म्हणजे डीहायड्रो. त्याऐवजी डीटीटी हे दुसरं क्षपणक वापरणार असाल तर पीएच आधी उदासीनाच्या जवळ आणा, आम्लात ते मंद चालतं.

आणि रिपोर्टवर आकड्याशेजारी पद्धत लिहा. आवळ्याच्या रिपोर्टवर ती नसेल तर मी कागद परत पाठवते.