फिशिंग रॉडच्या कारखान्यात शिकायला लागताना

अमेरिकेत विस्कॉन्सिनमधलं पार्क फॉल्स आणि मोंटानातलं ट्विन ब्रिजेस ही लहान गावं रॉडच्या कारखान्यांसाठी ओळखली जातात. कार्बनचा रॉड तिथे आजही हातोहात फिरतच तयार होतो. नवखा बहुधा रॉडवर कड्या बांधायचा दोरा गुंडाळायला बसतो, पण रॉडची नळी कशी बनते ते आधी पाहून घ्या. दोष दिसतो एका टेबलावर आणि झालेला असतो भलत्याच टेबलावर.

कार्बन तंतूंची राळ लावलेली चादर उणे १८ अंशांच्या आसपास फ्रीझरमध्ये ठेवतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच फोडू नका. गार चादरीवर दव धरतं, ते थरांत अडकतं आणि भट्टीत त्याचे फुगे होतात. चादरीचा निमुळता तुकडा कापून त्याची कड पोलादी सळईला, म्हणजे मँड्रेलला, गरम इस्त्रीने चिकटवतात. कड जरा तिरकी लागली की तंतू नळीभोवती पीळ घेतात. मग दोन सपाट पाटांमध्ये दाबून लाटायचं आणि वरून टेप ताणून गुंडाळायची. भट्टीत १२० ते १५० अंशांना राळ आधी पातळ होते, टेप आवळून थरांतली हवा बाहेर काढते, नंतर राळ पक्की होते. सळई ओढून टेप सोलली की नळीवर वळ्या उरतात. त्या पाणी सोडत घासायच्या. इथे हात जड पडला तर वळीबरोबर तंतूही कापले जातात. नळी दिसायला देखणी, मोडते मात्र मासा लागल्यावर. कोरडं घासू नका: धूळ अंगाला खाजते आणि वीजवाहक असल्याने यंत्राच्या मोटारीत शिरली तर शॉर्ट होतं. (विजेच्या तारांखाली कार्बनचा रॉड उभा करू नये तेही याचमुळे. गरवायला जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असतं?)

आता दोरा. नऊ फुटी फ्लाय रॉडवर (कृत्रिम माशी लावून गरवायच्या रॉडवर) साधारण दहा गाइड, म्हणजे गरवायची दोरी ओवायच्या कड्या, बसतात, फुटाला एक आणि वर एक, शेंड्याची कडी वेगळी. प्रत्येक गाइडचा पाय कानशीने पातळ उतरता करा, नाहीतर दोरा पायावर चढताना अडखळतो आणि तिथे फट राहते. पायाखालचा भागही बोट फिरवून तपासा. राहिलेला काटा नळीला ओरखडा पाडतो आणि नळी नेमकी तिथून तुटते.

सुरुवातीला दोरा स्वतःवरून आडवा नेऊन पाच-सहा वेढे घ्या आणि सुटं टोक कापा. शेवटचे सात-आठ वेढे उरले की दुमडलेल्या दोऱ्याचा फास आत ठेवा, वेढे पूर्ण करा, टोक फासातून ओवून मागे ओढा. ताण किती हवा? गुंडाळून झाल्यावर गाइड अंगठ्याने किंचित सरकला पाहिजे. हलेचना, तर ताण जास्त झाला: रांग लावताना पाय नळीत रुततो. सहज डुलत असेल तर पुन्हा गुंडाळा. डोळा बुंध्याशी लावून सगळ्या कड्या एका ओळीत आल्या की मगच इपॉक्सी, म्हणजे दोऱ्यावर द्यायचा दोन भागांचा लेप.

इपॉक्सीचे दोन्ही भाग सिरिंजने सारखे मोजा, अंदाजाने ओतू नका. प्रमाण चुकलं तर लेप चिकटच राहतो. दोन-तीन मिनिटं हळू ढवळा, फेटू नका. मिश्रण फॉइलवर पसरलं की बुडबुडे निघून जातात आणि कामाला वेळही जास्त मिळतो. लावल्यावर रॉड सावकाश फिरत राहिला पाहिजे, नाहीतर थेंब खाली लोंबतो. लेपावर मध्येच गोल खड्डे पडले तर दोष इपॉक्सीला देऊ नका, बोटं तपासा. हाताच्या क्रीममधलं सिलिकॉन किंवा जेवणाचं तेल दोऱ्याला लागलेलं असतं. नायट्रिलचे हातमोजे पहिल्या दिवसापासून घाला. इपॉक्सीची ॲलर्जी हळूहळू येते, आणि एकदा आली की जात नाही.

मुठीचं काम त्यामानाने सोपं. अर्ध्या इंचाच्या बुचाच्या चकत्या, सात इंची मुठीला चौदा. त्या चिकटवून शिकंज्यात आवळायच्या, लेथवर ८० नंबरच्या पॉलिशपेपरने आकार द्यायचा आणि शेवट ४०० वर. लेथवर घाई केली तर बुचाचे लचके निघतात. ते भरायला बुचाचाच भुगा गोंदात कालवतात, म्हणून भुगा फेकू नका.