आठवडाभर एकच सूत्र आणि ४०० वजा १३७

डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षकाची पदविका) झालं, आता पहिल्यांदाच वर्ग हातात आलाय, अशांसाठी हे लिहितेय. परिपाठ, हजेरी, टाचण (तासाची लेखी आखणी) तुम्हाला येतं, त्यात शिरत नाही.

माझं पहिलं वर्ष, ठाण्यातली एक मराठी शाळा, तिसरीचा वर्ग. आठवडाभर सगळे विषय एकाच सूत्रात गुंफायचे, असं मी ठरवलं. तिसरीच्या परिसर अभ्यासात आपला जिल्हा येतोच, म्हणून सूत्र घेतलं भारतातल्या पहिल्या प्रवासी आगगाडीचं. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर, १४ डबे, सुमारे ४०० प्रवासी. मराठीत गाडीवर पाच ओळी, परिसर अभ्यासात नकाशा, कार्यानुभवात खोक्यांचं इंजिन. मुलं घरून पुठ्ठे आणत होती, वर्गात नुसता उत्साह होता.

बुधवारी गणित. फळ्यावर लिहिलं, ‘गाडीत ४०० माणसं होती. समजा, वाटेत १३७ उतरली. उरली किती?’ सगळ्यांनी सोडवलं. मी वह्यांवर भराभर ‘छान’ लिहीत गेले, कारण डोक्यात दुसऱ्या दिवशीचं इंजिन होतं. शनिवारी शाळा सुटल्यावर वह्या पुन्हा उघडल्या, तर निम्म्याहून जास्त वह्यांत उत्तर ३३७. आणि खाली माझंच ‘छान’.

हे नीट समजून घ्या, कारण इथेच मी अडकले. मुलांनी ४०० खाली १३७ मांडले. शून्यातून सात जात नाहीत, मग सातातून शून्य घालवलं, राहिले सात. तिनातून शून्य, तीन. चारातून एक, तीन. मोठ्यातून लहान वजा करायचं, एवढंच त्यांना कळलं होतं. हातचा घेणं कळलंच नव्हतं, आणि शेजारच्या घरात शून्य असेल तर हातचा आणायचा कुठून, हे मी शिकवलंच नव्हतं. उतरलेले १३७ आणि उरलेले ३३७ मिळवले तर ४७४ होतात, म्हणजे गाडीत होते त्यापेक्षा जास्त. एकाही मुलाला ते खटकलं नाही, कारण मी तसं करून बघायला कधी सांगितलंच नव्हतं.

सूत्र वाईट नव्हतं. त्या आठवड्यात प्रत्येक विषयात आगगाडी होती, पण त्या विषयातलं काय यायला हवं, ते मी ठरवलं नव्हतं. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला वर्षाचे किमान २०० दिवस धरलेत. त्यातले सहा असे घालवणं परवडत नाही.

पुढच्या सोमवारी कागदाची तिकिटं कापली. दहाचा एक गठ्ठा, रबर लावून. असे दहा गठ्ठे एकत्र बांधून शंभराचा. शंभराचे चार गठ्ठे टेबलावर. सात तिकिटं द्यायची तर सुटं एकही नाही. एक शंभराचा सोडला, दहाचे दहा झाले. त्यातला एक सोडला, सुटी दहा. आता टेबलावर तीन शंभराचे, नऊ दहाचे, दहा सुटी. एका मुलीने रबर काढता काढता विचारलं, “बाई, सोडलं तरी तिकिटं चारशेच ना?” मग सात, तीन दहाचे, एक शंभराचा बाजूला काढला. राहिले २६३. आगगाडी तीच होती.

व्हॉट्सॲपवर फिरणारी आयती टाचणं घेऊ नका, हे मी कळकळीने सांगते. त्यात विषय सुंदर जोडलेले असतात, पण तुमच्या वर्गातली मुलं कुठे अडतात ते त्यात नसतं. मार्गदर्शक निवडताना शिक्षकखोलीत सल्ले देणाऱ्यांपेक्षा, ज्या तुम्हाला आपल्या वर्गात मागच्या बाकावर बसू देतील त्या बाईंकडे जा. मला तिकिटांचे गठ्ठे अशाच एका बाईंच्या तासाला दिसले.

पहिल्या वर्षी रोज घसा बसेल, घरी गेल्यावर आपल्याला हे जमणार नाही असंही वाटेल. मलाही वाटायचं. पण एका आठवड्यात चुकलेलं दुसऱ्या आठवड्यात दुरुस्त होतं, मुलं मनात धरत नाहीत. मात्र वही न वाचता ‘छान’ लिहू नका, एकदाही नाही. माझं ते ‘छान’ दाखवून एका आईने विचारलं होतं, “बाई, मग हे बरोबर आहे ना?”

आता सूत्र सुचलं की मी आधी टाचणाच्या कोपऱ्यात प्रत्येक विषयापुढे एकच ओळ लिहिते: शनिवारी मुलाला काय करता यायला हवं. ज्या विषयापुढे ती ओळ सुचत नाही, तो त्या आठवड्यात सूत्रात घेत नाही, पुस्तकातून सरळ शिकवते.